अकरा नंबरला मुंग्या

पौड फाट्याजवळचं हॉस्पिटल, चौथा मजला.
रात्रपाळीला आम्ही तिघी, आणि चौथं ते.
त्याला खुर्ची लागत नाही, चहा लागत नाही,
उद्या त्याच्या मुलाचा पेपर नाही.
प्रत्येक खाटेच्या उशाशी बोटाएवढा माईक,
पेशंट बोलला की ते लिहून घेतं,
ठोके, श्वास, ताप यांचा हिशेब मांडून
पडद्यावर एक ठिपका ठेवतं,
हिरवा, नाहीतर पिवळा.

शिकवायला आलेला कंपनीचा मुलगा म्हणाला होता,
सिस्टर, आता तुम्हाला पेशंटशी बोलायला वेळ मिळेल.
मिळाला.
तो मोजून मग वरच्यांनी
पाचातल्या दोघी कमी केल्या.

हौसाबाई शेडगे, वय अडुसष्ट,
मुळशी धरणाच्या वरच्या अंगाचं गाव,
खुब्याचं हाड, ऑपरेशनचा तिसरा दिवस.
रात्री दोनला त्या छताकडं बघून म्हणाल्या,
"हाताला मुंग्या आल्यात गं बाय."
मी तेव्हा चार नंबरच्या सलाईनशी झटत होते.
ऐकलं ते त्यानं.
इमानदारीनं नोंद केली,
योग्य त्या खात्याकडं पाठवली,
आणि सव्वादोनला लिफ्टमधून
हाउसकीपिंगचा इर्शाद बाहेर आला,
हातात फवारणीचा पंप.

चादर झटकली, गादीचा कोपरा उचलला,
उशीखाली मोबाइलचा उजेड मारला.
"सिस्टर, इथं तर एक पण नाही."

हसलो आम्ही, तोंडावर हात धरून,
ममता तर पार खाली बसली.
आमचं बघून हौसाबाईही हसल्या,
आणि त्यांचं तोंड
डावीकडून हसलं नाही.

पुढचं मला तुकड्यांत आठवतं.
"दोन्ही हात वर करा, मावशी." एकच वर आला.
स्ट्रेचरचं ते नेहमी अडणारं चाक.
पंप भिंतीला टेकवून
इर्शादनं दुसरं टोक धरलेलं.
लिफ्टचं दार लागताना वळून पाहिलं,
अकरा नंबरचा ठिपका
हिरवा.

पहाटे पाचला डॉक्टरांनी तार घालून गुठळी काढली.
खिडकीतून वनाझच्या बाजूचे दिवे विझत होते,
मला कुणाचा राग यावा ते कळेना.
त्याला भाषा कळत असती
तर नोंद माझ्या पडद्यावर आली असती,
बाकीच्या एकोणीस नोंदींच्या खाली,
आणि चार नंबरची शीर मला सापडत नव्हती.

आता कंपनीनं यादी मागवलीय,
माणसं दुखणं कसं सांगतात त्याची.
सुट्टीच्या दिवशी पोळ्या झाल्यावर लिहायला बसले.
जीव खालीवर होतोय.
पोटात कालवतंय.
डोळ्यांपुढं अंधारी येते.
हातापायातलं बळच गेलं.
प्रत्येकासमोर अर्थ, आणि काय करायचं ते.
"कसंतरीच होतंय" पाशी पेन थांबलं.
एकवीस वर्षं ऐकतेय हे,
ॲसिडिटी निघाली त्यातून, हार्ट अटॅक निघाला,
एकदा नुसती मुलगा न आल्याची संध्याकाळ निघाली.
शेवटी समोर लिहिलं, जाऊन बघ.
लिहिल्यावर लक्षात आलं, ते कुठून जाणार.
खोडलं मात्र नाही.

सात दिवस तक्रार उघडीच होती:
खाट अकरा, मुंग्या, कारवाई प्रलंबित.
सुपरवायझर इर्शादला म्हणायचा, "नाही आढळल्या" लिही, मोकळा हो.
इर्शाद म्हणायचा, होत्या की.

काल हौसाबाईंनी डाव्या हातानं
स्पंजचा चेंडू दाबला, दोनदा,
तिसऱ्यांदा तो खाटेखाली गेला.
तो काढायला मी वाकले तेव्हा
त्या उशाशी तोंड नेऊन सांगत होत्या,
"ऐकतोयस न्हवं? गेल्या बरं का मुंग्या."

तक्रार बंद झाली.
त्यांच्या सुनेच्या फोनवर मेसेज आला,
आमच्या सेवेला पाच पैकी किती तारे द्याल?