खांबापर्यंत

दोन रविवार मी खोटं बोलले.
पहिल्या रविवारी मावसबहिणीचा साखरपुडा,
दुसऱ्या रविवारी दाढ.
ती दाढ तर मे महिन्यातच उपटून झाली होती
आणि भाटकर सरांना ते ठाऊक होतं,
त्यांनीच नेलं होतं मला खेडला,
मला बसवून, स्वतः एसटीत उभे राहून.
तरी म्हणाले, "बरं गो. मिठाच्या गुळण्या कर."

हर्णैला बंदरामागे आमचं मैदान.
दोन्ही खांब एकाच मोडक्या होडीच्या डोलकाठीचे,
सरांनी रंधा मारून गुळगुळीत केलेले.
फक्की संपली की रेघा शिंपल्यांच्या भुकटीच्या.
धूळ बसावी म्हणून सर समुद्राचं पाणी शिंपडायचे,
त्यामुळे पडलं की गुडघा दोनदा झोंबायचा,
एकदा मातीने, एकदा मिठाने.

मला ते कुर्ली म्हणत.
तिरकी पळतेस म्हणून.

दापोलीच्या हॉलमध्ये नाझनीन मॅडमनी
पाच मिनिटं पाहिलं आणि शिट्टी काढली तोंडातून.
"तुझा डावा खांदा आधी जातो.
पळतीला कळतं तू कुठे वळणार."
सहा वर्षांत हे मला कुणी सांगितलं नव्हतं.
मॅटवर पायाला काही टोचत नव्हतं,
आणि मला कळेना पाय टेकवायचा कुठे.

तिसऱ्या शनिवारी गेले सांगायला.
हातात काय न्यावं?
पेढे नेले तर आनंद झाल्यासारखं,
रिकाम्या हाताने गेलं तर पळाल्यासारखं.
आईने काजूगर बांधून दिले, जुन्या ओढणीच्या तुकड्यात.

लिलाव संपत आला होता.
सर बर्फाचा हिशेब लिहीत बसलेले.
माझं भाषण पाठ होतं,
"तुमचे उपकार" इथपर्यंत आलं आणि अडकलं.
"उपकार ठेव बाजूला," ते म्हणाले. "मॅट आहे ना तिकडे?"
"आहे."
"गुडघे वाचतील."
मग बराच वेळ नुसती बेरीज.
"आधी सांगायचंस. दाढेला कशाला मध्ये घेतलंस?"
मी एका सुरमईच्या डोळ्याकडे बघत राहिले.

खणातून त्यांनी एक वही काढली.
मागची पानं लिलावाची, पुढची माझी.
एक मिनिट चाळीस. पाऊस.
एक मिनिट दहा. घोटा सुजलाय, लपवते आहे.
संध्याकाळी उजेड गेला की डावीकडेच वळते.
दोन मिनिटं पाच!! (बापाचं पत्र आलं आज.)
आणि शेवटच्या दोन ओळींत
वेळेच्या जागी काहीच नाही, नुसतं
साखरपुडा.
दाढ.

"मॅडमना दे. त्यांना पहिल्यापासून शोधायला नको."

खो मिळाला की आपण एक दिशा घेतो,
आणि खांबापर्यंत मागे वळायचं नसतं, नियमच आहे.
पण बंदरावर खांब कुठे असतो?
मी एसटी स्टँडपर्यंत तशीच चालत गेले.

मॅडमनी वही उभ्या उभ्याच वाचली.
पानांना बोंबलांचा वास, पण नाक मुरडलं नाही.
एवढंच म्हणाल्या, "उजेडाचं हे
मला महिनाभर दिसलं नसतं."
आणि 'दाढ'च्या खाली त्यांच्या निळ्या पेनाने
त्या दिवसाची तारीख घातली.
अजूनही माझ्या तोंडून निघतं,
"आमचे सर असं सांगायचे,"
आणि मी जीभ चावते.
"चावू नकोस," त्या म्हणतात. "काय सांगायचे?"

दिवाळीत हर्णैला गेले.
माझ्या जागेवर चोगल्यांची धाकटी बसली होती,
खो यायच्या आधीच उठू पाहत होती.
सरांनी मला काही विचारलं नाही,
काही शिकवलं नाही,
पत्र्याची बादली पुढे केली फक्त.

पाण्याकडे निघाले.
ओल्या वाळूत मागे वळून बघितलं तर
पावलं सरळ उमटलेली, एका रेघेत.
मैदानातून हाक आली,
"कुर्ले, सांडू नको गो!"