चौकोन

महागाई भत्त्याची थकबाकी आली,
चार हजार सातशे चाळीस.
वरचे सातशे चाळीस घरी दिले, चष्म्यासाठी.
बाकीचे आतल्या खिशात घालून
भाच्यासोबत बर्डीवर उतरलो. मोदी नंबर तीन.

पिशवीचा बंद दुसऱ्यांदा तुटला होता.
एकोणीस बायकांचं कुटुंब निवृत्तिवेतन तिच्यात :
मृत्यूचे दाखले, सेवापुस्तकाची पानं,
खिडकी क्रमांक चारने परत केलेले अर्ज,
आणि एक लग्नाचा फोटो, कारण दुसरा पुरावाच नाही.
शिंपी परवा मापं घेताना म्हणाला,
साहेब, तुमचा डावा खांदा बोटभर खाली आलाय.
एकतीस वर्षं मी त्याच खिडकीच्या आत बसलो.
कागदाला वजन असतं
हे आतून कळत नाही.

चुगवानीच्या दुकानात काचेखाली तीन यंत्रं,
तळहाताएवढी.
पहिलं अठराशेचं, राखाडी, दोन सेलांवर चालणारं.
सेल संपले तर?
“सब साफ, काका,” चुगवानी म्हणाला.
खरं बोलला म्हणून चहाला हो म्हटलं.

दुसरं छत्तीसशेचं. रंगीत.
भाच्याने माझं एक पान त्यात चढवून दाखवलं :
श्रीमती यमुनाबाई गजभिये, राहणार इंदोरा,
पती पाटबंधारे खात्यात चौकीदार.
पडद्यावर उमटले नुसते चौकोन.
चौकोन चौकोन, मग एक जागा, मग परत चौकोन.
बाई नाही, इंदोरा नाही, धरणावरचा तो माणूस नाही.
फक्त वर्ष तेवढं वाचता येत होतं, तो गेला ते.
“इंग्रजीत लिहा ना काका,
यमुना तर यमुनाच राहते.”
राहत नाही, चुगवानीभाऊ.
सेवापुस्तकात गजभियेची वेलांटी कोणीतरी दीर्घ केली,
तिच्यापायी ही फाइल सहा वर्षं अडून आहे.
त्या खोलीत मीही होतो तेव्हा.
अक्षर माझं नाही. बहुतेक नाही.

तिसरं जुनं. कोपऱ्यात चरा,
लिहायची काडी हरवलेली, बावन्नशे.
मराठी दिसत होतं : काना थोडा लांब उभा, पण दिसत होतं.
भाच्याने घासाघीस केली, मी पंख्याकडे पाहत राहिलो.
“काऊन बे, काडी नाही अन् बावन्नशे?”
एकेचाळीसशेवर तुटलं. वरचे शंभर भाच्याचे.

आधीच्या मालकाची एक नोंद आत तशीच होती :
गॅसचा नंबर. आईचे रिपोर्ट, गुरुवारी.
पुसायला गेलो, पुसली नाही.

महिनाभर रात्री एकेक कागद आत सरकवत होतो,
हिच्या विणायच्या सुईच्या मागच्या टोकाने.
सोळा बायका मावल्या.
तिघींचे कागद इतके विटलेले
की यंत्रालाही काही सुचेना.
त्या तिघी पिशवीतच राहिल्या.

सोमवारी सिव्हिल लाइन्सच्या व्हरांड्यात यमुनाबाई आल्या.
म्हणाल्या, एवढ्याशा डबीत मी हाओ?
नाव शोधून दाखवलं.
त्यांनी बोट ठेवून एकेक अक्षर जोडलं,
गजभियेपाशी थांबल्या.
“हे बरोबर हाय. आतमंधी असंच हाय का?”
आत अजून नाही, म्हणालो.
धूळ दिसली म्हणून त्यांनी पदराने काच पुसली
तर पान उलटलं.
सुलोचना डोंगरवार आल्या, राहणार महाल.
“अगं बाई. ही कोण?”
सांगितलं.
“हिचं झालं का?”
बॅटरीची एकच रेघ उरली होती.
मी सुई काढली
आणि खिडकी उघडायची वाट पाहत
दोघींच्या मधे कुठेतरी थांबलो.