पंख्यातलं पीठ

दिदुबेच्या मेट्रोबाहेर वारा विचारत नाही, सरळ कॉलरमध्ये शिरतो.
थेओना म्हणाली, मावशी, तू फक्त बघ. बोलू नकोस.
मी कसली गप्प बसते.
रेडिओच्या कारखान्यात एकोणीस वर्षं डाख लावला मी.
मुक्या वस्तूंना बोलतं करायचं, एवढंच येतं मला.

तो म्हणाला, इथेच बघून घ्या.
म्हटलं, म्हैस पाण्यात आणि मोल बाहेर, असलं जमणार नाही.
जिथे प्लग असेल, तिथे बसू.

नाव मालखाझ. पस्तिशीचा. नखं कापलेली,
मनगटावर भाजल्याचे जुने वळ, जिन्याच्या पायऱ्यांसारखे.
"ऑफिसातला आहे," म्हणाला, "एसीत ठेवलेला. लेकरासारखा जपलाय."
लेकरं कशी जपली जातात, ते मी पाहिलेलं आहे.

काळा, जाडजूड, पाट्यासारखा जड लॅपटॉप.
एवढ्या पैशांत नव्याचं नुसतं झाकण मिळेल, असं थेओनाचं गणित.
तिला पूल बांधायचेत.
म्हणजे आधी पाडायचेत, स्क्रीनवर, वाऱ्यात, हजार वेळा.
घरचा जुना लॅपटॉप तिसऱ्या खांबालाच मान टाकतो.

बैलाचे दात बघावेत तसा मी कीबोर्ड बघितला.
'अ' पार पुसलेला.
आमच्या भाषेतल्या 'नाही'त तो दोनदा येतो.
बॅटरी सहाशे अकरा वेळा भरलेली,
स्क्रीनच्या कोपऱ्यात एक ठिपका मेलेला,
बिजागरी घट्ट, हे मात्र चांगलं.
मग दहा मिनिटं त्याला जीव तोडून पळवला.
पंखे असे घरघरले की कॉफी आणणारा पोरगा दोन पावलं मागे सरला.
आकडा चढत चढत चौऱ्याण्णववर गेला
आणि यंत्राने चाल धीमी केली,
दम लागल्याचं लपवणाऱ्या माणसासारखी.

माझ्या पर्समध्ये लिपस्टिक नसते, स्क्रू-ड्रायव्हर असतो.
दहा स्क्रू, एक बशी.

धूळ खोटं बोलत नाही.
सिगारेटवाल्यांची पिवळी, चिकट.
मांजरवाल्यांची तर लोकरच.
ही पांढरी होती,
पंख्याच्या पात्यापात्यावर थर धरून बसलेली.
बोटांत चोळली. मऊ.
"ऑफिसात कणीक मळतात का रे?"

तो बशीतले स्क्रू मोजत राहिला.
मग म्हणाला, आईची बेकरी आहे. जमिनीत पुरलेली भट्टी.
पहाटे तीनला पहिला घाणा,
गिऱ्हाईक यायला सहा वाजतात.
मधल्या वेळात पिठाच्या पोत्यावर बसून
तो एका कोल्ह्याचा सिनेमा करायचा.
सात मिनिटांचा. चार झाली.

"आणि उरलेली तीन?" थेओनानं विचारलं.
"भट्टीला तडा गेलाय."

मी भाव पाडायचा ठरवूनच आले होते.
पाडला.
दीडशे लारी कमी म्हटलं, तो शंभरावर थांबला.
तड्याची किंमत वेगळी, पिठाची वेगळी.
थेओना दोन स्टेशनं माझ्याशी बोलली नाही.

घरी ब्रशने सगळं काढलं, नवी पेस्ट लावली,
आकडा ऐंशीच्या खाली आला.
डिस्क कोरी होती. कोल्हा त्याच्या किल्ल्यांच्या जुडग्यात,
पेन ड्राइव्हमध्ये, त्यानेच दाखवला होता.

तरी रात्री, थेओना पुलावर वारा सोडते,
पंखे चढतात,
आणि दोन खोल्यांत वास पसरतो, पावाच्या करपलेल्या कडेचा.
कुठे राहिलंय हे पीठ, मला अजून सापडलेलं नाही.
खरं सांगायचं तर मी पुन्हा उघडलेला नाही.

परवा शेजारीण दार वाजवून विचारत होती,
एवढ्या रात्री काय भाजताय गं?
"पूल," थेओना आतून ओरडली.
"थांबा, हा पण पडतोय."