नाकोलोत

लोडवारच्या कोर्टात मी तेहतीस वर्षं दुभाष्या.
कानानं तुर्काना घेतो, तोंडानं स्वाहिली देतो,
साहेब इंग्रजीत उतरवून घेतात.
मध्ये जे सांडतं
त्याची पावती कुणी मागत नाही.

म्हातारा एकिडोर पिंजऱ्याला टेकून म्हणाला,
"ती विहीर माझ्या बापानं खणली,
खणताना त्याची दोन नखं गेली."
कागदावर आलं: वडिलोपार्जित हक्काचा दावा. पुरावा नाही.

विहीर म्हणजे तरी काय,
केरियोच्या कोरड्या पात्रातला चार पुरुष खोल खड्डा.
तळाशी एक बाई, तिच्या वर एक, तिच्याही वर एक,
हातोहात चढत येणारं लाकडी भांडं,
आणि काठावर उंटांची कुरकुर.
नाव नाकोलोत.
शेवटी एक स्वर आहे, तो आम्ही नुसता श्वासात ठेवतो,
त्याला अक्षर नाही.
म्हणून फाइलीत नाकालाट, पुढे नोकुलेट,
आणि एका घाईतल्या साहेबांच्या हातची 'एन. विहीर'.
खालच्या कोर्टानं नकाशावर तिन्ही शोधल्या.
एकही सापडली नाही.
दावा फेटाळला.

मग टीव्हीवर मुलाखती लागल्या.
सर्वोच्च न्यायालयातली एक खुर्ची रिकामी झाली होती.
नैरोबीत लांबलचक टेबल, पाण्याच्या बाटल्या,
इकडे एकालेच्या चहाच्या टपरीत जनरेटरची धडधड
आणि दारात आडव्या शेळ्या.
नाचापो लोमुरिया. आमच्याकडची.
तिच्याआधी तिघे येऊन गेले होते.
त्यांना विचारलं संविधानाचं, करांचं,
एकाला तर गोल्फचंसुद्धा.
हिला विचारलं,
"बाई, तुम्ही तुमच्या लोकांच्या न्यायाधीश व्हाल, की देशाच्या?"

टपरीत कुणीतरी पचकन थुंकलं.
ती गप्प.
टीव्हीवर अकरा सेकंद म्हणजे फार.
निवेदक म्हणाला, गडबडल्या.
गडबडली नव्हती. ती गप्पता माझ्या धंद्यातली आहे.
एका काठावरून दुसऱ्या काठावर प्रश्न नेताना
मधल्या वाळूत उभं राहावंच लागतं.
मग म्हणाली,
"हा प्रश्न आधीच्या तिघांनाही विचारा.
मी थांबते."

तिची नेमणूक झाली तेव्हा आम्ही उंट कापला.
दोन मारामाऱ्या झाल्या.
चीफनं भाषण ठोकलं, आता नाकोलोत आपलीच.
मीही पोटभर खाल्लं, खोटं कशाला बोलू.

दोन वर्षांनी अपील वर पोचलं.
निकाल तिनंच वाचला.
आमच्याविरुद्ध.

पलीकडच्या साक्षीदाराला
कुणी त्याच्या बोलीतला माणूसच दिला नव्हता म्हणे.
तिनं जुनी टेप मागवली, तसा माणूस आणवला,
तेव्हा कळलं की पुरानं बुजलेली विहीर
त्या लोकांनी सात वेळा उपसली होती.
आमच्यातल्या प्रत्येकाला ते ठाऊक होतं.
साक्षीत एकानंही सांगितलं नव्हतं.

"मग काय लोणचं घालायचं आपल्या बाईचं?"
म्हणत एकालेनं टीव्हीच बंद केला.
मी चहा संपवला. गार झाला होता.
निकालाच्या पहिल्याच ओळीत ती म्हणाली होती: नाकोलोत,
आणि पुढचा स्वर श्वासात ठेवला होता.
मी ऐकला. बाकीच्यांनीही ऐकला असणार.
देशाच्या दप्तरात पहिल्यांदाच ती एकच विहीर होती,
आणि ती आमची नव्हती.

दुसऱ्या दिवशी शेळीचोरीचा खटला.
आरोपी पोरगं, सतरा-अठराचं.
साहेबांनी नेहमीसारखं त्याचं नाव चावलं,
आणि त्यानं नेहमीसारखी मान हलवली.
तेहतीस वर्षांत पहिल्यांदा
मी हात वर केला.