ओली वात

सड्यावर सावली फक्त माझ्या छत्रीची,
तीही थर्मामीटरांसाठी.
एक कोरडा. दुसऱ्याच्या बुडाला मलमलची वात,
देवापुढच्यासारखीच वळलेली,
पण शेपूट पाण्याच्या बाटलीत.
दर अर्ध्या तासाने दोन्ही वाचायचे, वहीत लिहायचे,
वात सुकली तर भिजवायची.
ती सुकत नाही.

नाचणे मॅडम पहिल्याच दिवशी म्हणाल्या,
मयेकर सिस्टर, लोक कोरड्याकडे बघतात,
तुम्ही ओल्याकडे बघा.
तिकडे विदर्भात पंचेचाळीस लागतात माणूस पाडायला,
इथे चौतीसही पुरतात.
घाम येतो, पण जात नाही कुठे,
बँकेच्या माणसासारखा ओटीवर बसून राहतो.

गावखडीच्या वर, चिऱ्याच्या खाणीत,
एकवीस पुरुष, सात बायका, सगळी विजापुराकडची.
वजन सकाळी, वजन दुपारी.
चक्कर येते? नाही.
मळमळ? नाही.
होय म्हटलं तर हजेरी कापतात का, ताई?
लघवीचा रंग सांगायला पुरुष लाजतात.
बायका दिवसभर जातच नाहीत,
आडोसा नाही,
म्हणून पाणीच पीत नाहीत.
प्रश्नावलीत याला रकाना नव्हता.
मी समासात लिहिलं.

मग सतरा एप्रिल, दोन वाजून दहा मिनिटं.
कोरडा साडेचौतीस, ओला एकतीस.
गुरुलिंग बिरादार, वय बत्तीस, तालुका इंडी,
याने एक चिरा उचलला,
नीट, दोन्ही हातांनी,
आणि रचला
हवेवर.
जिथे थरच नव्हता तिथे.
पायावर पडला, तरी ओरडला नाही.
दुसरा घ्यायला वाकला.

मुकादम म्हणाला, सकाळीच लावून आलाय.
निंगव्वा म्हणाली, तो पीत नाही,
लिंग आहे गळ्यात त्याच्या.
आणि तो तिलाच आई म्हणून हाक मारत होता.

एक्केचाळीस पूर्णांक सहा.
प्रशिक्षणातली ओळ मला तोंडपाठ:
आधी गार करा, मग न्या.
गार कशाने?
पिंपातलं पाणी चहासारखं,
रुग्णवाहिका चाळीस मिनिटं लांब.

खालच्या रस्त्याने पूर्णगडाकडून मासळीचा टेम्पो येत होता.
मी एप्रन फडकवत मधोमध उभी.
सोलकरांचा मुबीन, नाव नंतर कळलं,
त्याने काही विचारलं नाही,
एवढंच, किती बर्फ?
सगळा.

निळ्या ताडपत्रीत गुरुलिंग,
वर सुरमईचा बर्फ, खवल्यांसकट.
जन्मात मासळीला न शिवलेला माणूस
मानेपर्यंत बंदरात.
मी घड्याळ बघत होते,
मुबीन फावडं मारत होता,
मुकादम कोणाला तरी फोनवर सांगत होता की काही झालेलं नाही.
बाविसाव्या मिनिटाला एकोणचाळीस.
गुरुलिंग कानडीत काहीतरी पुटपुटला.
निंगव्वा रडता रडता हसली:
वास मारतोय म्हणतो.

अहवालात तीन चौकटी आहेत:
बरा, मृत, माहीत नाही.
मी पहिलीत खूण केली.

परवा त्यांच्या झोपडीत चहा घेतला.
कप तो दोन्ही हातांनी धरतो,
तरी अर्धा बशीत.
कातळावर चालतो
होडीत उभं असल्यासारखा.
मॅडमना विचारलं, तर म्हणाल्या, लहान मेंदू,
उष्णतेला आधी तोच सापडतो.
सुधारेल कदाचित.
त्यांनी कदाचित दोनदा म्हटलं.

त्याच्या वाटचे चिरे आता निंगव्वा उचलते.
सकाळी बावन्न किलो.
दुपारी पन्नास.
बाटली पुढे केली तर मान हलवते,
आणि आडोशाच्या दिशेने बघते,
म्हणजे जिथे तो असायला हवा तिकडे.