पाचशे किलोमीटर

कॅम्पातल्या बर्फ कारखान्यात
फळ्यांखाली मिठाचं पाणी असतं.
शून्याच्या खाली दहा अंश, तरी गोठत नाही.
त्यात बुडवलेल्या डब्यांत विहिरीचं गोडं पाणी,
ते गोठतं, कडेकडून आत,
आणि शेवटी उरलेली हवा
लादीच्या पोटात पांढरी होऊन बसते, कापसाच्या वातीसारखी.

एकवीस वर्षं रात्रपाळीला मी या फळ्यांवरून चालतोय.
पायाखाली समुद्र आहे
हे परवा रेणूनं सांगितलं.

जेवण घेऊन आली होती. मोबाईलवर काळ्यात एक पांढरा गोळा.
"बाबा, हा शनीचा चंद्र. एन्सेलॅडस."
म्हटलं, शनीचं नाव रात्रीचं कशाला काढतेस?
शनिवारी तेल वाहतो तेवढी ओळख पुरे की.
"बघ तर."

बघितला.
वरच्या अंगाला खड्डे, जुने, कडा झिजलेले.
खालच्या अंगाला खड्डा एकही नाही,
नुसत्या चार भेगा, निळसर, शेजारी शेजारी,
लादीवर गरम पाणी पडलं की जातात तशा.
त्यांतून वाफ उडते, मीठ आणि बर्फाचा भुगा,
आणि जे परत पडत नाही
त्याचंच शनीभोवती एक विरळ कडं झालंय.
म्हणजे स्वतःलाच वाटेवर सांडत
हा त्याच वाटेवरून फिरतो,
तेहेतीस तासांत एक फेरी.
आपल्या टेम्पोसारखा, म्हटलं,
मासळी बाजारापर्यंत रस्ता भिजवत जाणारा.

"केवढा आहे गे?"
"इकडून तिकडं पाचशे किलोमीटर."
मी हसणार होतो, खरं थांबलो.
पाचशे म्हणजे इथून मुंबई.
पाचशे म्हणजे इथून बेंगळूर.
पाच-दहा इकडं तिकडं.
जन्मापासून हा आकडा ऐकतोय,
मोर्चात, कचेरीत, बसस्टँडवर,
कुठल्या खिडकीत कुठल्या भाषेचा अर्ज,
आणि उत्तर किती लांबून यायचं.
तेवढ्यात एक आख्खा चंद्र मावतो
हे कुणीच बोललं नव्हतं.

भेगांना नावं आहेत म्हणाली.
बगदाद, कैरो, दमास्कस, अलेक्झांड्रिया.
माणूस नाही एक, आणि शहरं चार!
पाटी कुठल्या भाषेत, मी विचारलं.
तिला हसू आवरेना.
आमच्या फाटकावरची पाटी तीनदा रंगवली.
पेंटर तोच, नझीर अत्तार.
आधी वरचं खाली, मग खालचं वर, मग एक ओळच पुसली.
ऊन तिरपं पडलं की जुनी अक्षरं दिसतात अजून,
रंगाच्या आतून फुगून आलेली.

जाता जाता तिनं एक सांगितलं:
आत तो ऊबदार आहे.
शनी त्याला ओढतो, सैल सोडतो, परत ओढतो,
त्या ओढाताणीनंच
पोटातला समुद्र गोठायचा राहिलाय.

रात्रभर फळ्या जरा हळूच तुडवल्या.

पहाटे चारला डबा कोमट पाण्यात धरला.
लादी सुटली,
आणि आतून तडकली, बारीक, लांब.
"बिरुक बिट्टैति नोडो!" बसलिंग ओरडला.
असू दे म्हटलं, हिला एक नाव ठेवू.
"यारदु?" त्यानं विचारलं. कुणाचं?
टेम्पो भरायचा होता.
भेग वर करून लादी गोणपाटात गुंडाळली,
वर भुसा टाकला.