तिसरा प्रोटोटाइप

ज्युरी उद्या अकराला. खुर्ची अजून डुगडुगते.
डिचोलकर मेस्त्री पायाखाली काडेपेटीचा पुठ्ठा सारतात,
"पाय सरळच आहेत गो, फरशी वाकडी."
माझ्या सॉफ्टवेअरात फरशीच नव्हती.

ओशिवऱ्याहून आणलेलं सागवान, कुणाचं तरी दार.
रंधा मारमारून झाला,
खिळ्याच्या भोकात निळा ऑइलपेंट तसाच.

पवईच्या गेटवरच्या बांदलांसाठी आहे ही.
गुडघा ते टाच, त्रेचाळीस सेंटिमीटर,
मीच मोजलंय, बूट काढायला लावून.

बांदल आले. हात फिरवला. बसले नाहीत.
"खुर्ची होती की आम्हाला.
झोप लागते म्हणून काढून घेतली सायबांनी."

मग डबा ठेवला तिच्यावर
आणि वाकून, उभ्यानंच जेवले.

मी पुन्हा टेप काढली :
कोपर ते फरशी.